फोनचं पुरुमेंत: वादळ-पुरानंतर गोव्यातून घरी खुशाली कशी कळवायची

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून उत्तरेकडे सरकत होतं आणि मी फोंड्याजवळच्या एका गावात भाड्याच्या खोलीत बसले होते. सांगलीहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला येऊन जेमतेम सात महिने झाले होते. रात्रभर कौलं वाजत होती. पहाटे शेजारच्या घरावर माड आडवा झाला. माणसं वाचली, स्वयंपाकघराची भिंत गेली. माझ्या फोनमध्ये ३४ टक्के बॅटरी होती आणि रेंजच्या दोन काड्या.

मी काय केलं? माडाचे सहा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला घेतले. ते काही जाईनात, नुसतं चक्र फिरत राहिलं. मग मामा, मावशी, दोन मैत्रिणी, सगळ्यांना फोन लावून पाहिले. शेवटी आईला एकामागोमाग दोन एसएमएस केले. पहिला: ‘आम्ही ठीक आहोत. शेजाऱ्यांचं मात्र वाईट झालं.’ दुसरा: ‘माड घरावर पडला. भिंत गेली.’

दुसरा एसएमएस आईला साडेनऊला मिळाला. पहिला मिळाला संध्याकाळी.

मधल्या वेळात माझा फोन बंद पडला होता, मामा कोरोनाच्या संचारबंदीत गाडीचा पास कसा काढायचा ते विचारत फिरत होता आणि आईनं देव पाण्यात ठेवले होते. घरमालकीण काकी मात्र मला सकाळीच ओरडल्या होत्या, “फोन दवर गो सकयल, पयलीं च्या घे!” त्यांचं ऐकून फोन खाली ठेवून आधी चहा घेतला असता, तरी बरीच बॅटरी वाचली असती.

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्तानं गोव्यात पहिला-दुसरा पावसाळा काढणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. इथे मे महिन्यात घरोघरी पुरुमेंत करतात: सुकी मासळी, मिरच्या, कांदे, सोलं, पावसाचे चार महिने पुरेल एवढं भरून ठेवायचं. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, सवय इथल्या पावसानं लावलेली. फोनचंही असंच पुरुमेंत करायचं असतं, आणि तेही मेमध्येच. जूनच्या मध्यावर पॉवर बँक शोधत म्हापशाच्या बाजारात फिरणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

रेंज नेमकी का जाते

हे आधी कळलं की पुढचं अर्धं काम आपोआप सुचतं.

टॉवरला वीज लागते. वीज गेली की टॉवर आपल्या बॅटरीवर काही तास तग धरतो, मग जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. गोव्यात विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी माडा-फणसांमधून जातात. झाड पडलं की तार तुटते, आणि तेच झाड रस्त्यावर आडवं असल्यानं डिझेलची गाडीही टॉवरपर्यंत पोचत नाही. त्यात इंटरनेटच्या केबली पुष्कळदा विजेच्याच खांबांवरून ओढलेल्या असतात. खांब गेला की दोन्ही गेलं.

म्हणून वादळानंतर पहिले काही तास रेंज दिसते ती टॉवरच्या बॅटरीची मेहेरबानी असते. ‘रेंज आहे, सावकाश कळवू’ असं म्हणून आवराआवरीला लागणारे लोक दुपारी फोन हातात घेतात तेव्हा काड्या गायब झालेल्या असतात. खुशालीचा निरोप पहिल्या अर्ध्या तासात गेला पाहिजे, मग केर काढा.

दुसरं कारण गर्दी. तालुक्यातला प्रत्येक माणूस एकाच वेळी फोन लावतो आणि बाहेरगावचे नातेवाईक तालुक्यातल्या प्रत्येकाला लावतात. अशा वेळी काड्या पूर्ण असतात पण कॉल लागत नाही. याला फोनचा दोष समजून पाच वेळा बंद-चालू करू नका. टॉवर जिवंत आहे, रांग लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ. क्वचित असंही होतं की टॉवर उभा असतो, पण त्याला पुढे जोडणारी केबल तुटलेली असते. तेव्हाही काड्या दिसतात, जात मात्र काहीच नाही.

पायरी १: कागद

हो, कागदच. आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या आईचा नंबर तोंडपाठ आहे? मला नव्हता. दुसऱ्याच्या फोनवरून एक कॉल करायची संधी मिळाली आणि मला फक्त माझा स्वतःचाच नंबर आठवत होता.

वहीच्या एका पानावर घरचे तीन-चार नंबर, घरमालकाचा, शेजाऱ्याचा, ऑफिसमधल्या एका माणसाचा नंबर लिहा. त्याखाली वॉर्डाच्या पंचाचा नंबर. गोव्यात ग्रामपंचायतीच्या सदस्याला पंच म्हणतात आणि अडीअडचणीला तोच पहिला उपयोगी पडतो. मग वीज खात्याच्या जवळच्या कार्यालयाचा. इथे महावितरण नाही, वीज सरकारी खात्याकडे आहे. तक्रारीचा १९१२ मात्र तोच. आणि जमलं तर गावच्या लाइनमनचा नंबर. हा नंबर कुठल्याही यादीत सापडत नाही, काकींसारख्या बायकांकडे सापडतो. मागून घ्या.

सरकारी नंबरांत ११२ हा सगळ्यासाठी एकच, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन दल, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. इथे एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. ११२ फिरवला की तो फोन करणारा जिथे आहे तिथल्या राज्यात लागतो. तुम्ही काणकोणात अडकलात आणि आईनं सांगलीतून ११२ फिरवला, तर तो महाराष्ट्राच्या कक्षात वाजणार. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा ०८३२ नं सुरू होणारा पूर्ण नंबर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून घेऊन तो घरच्यांकडे लिहून ठेवा. ०८३२ सगळ्या गोव्याला एकच.

कागदाच्या दोन प्रती करा. एक प्लास्टिकच्या पिशवीत पाकिटाबरोबर, एक दाराच्या आतल्या बाजूला. शाईच्या पेनानं लिहू नका. गोव्याच्या ऑगस्टमध्ये कागद पापडासारखा नाही, पुरणपोळीसारखा होतो.

पायरी २: पत्ता, जो सांगता येईल

गोव्यात पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा (आपल्याकडची वाडी) आणि मग ‘देवळाच्या मागे’, ‘खुरसाकडून (क्रुसाकडून) उजवीकडे’, ‘पिंपळाच्या पारासमोर’. हे पोस्टमनला कळतं. ११२ वरच्या माणसाला कळेल असा पत्ता आधी स्वतः तयार करून त्याच कागदावर लिहा: तालुका, गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा चॅपेल, मुख्य रस्त्यापासून अंतर. तालुका आधी सांगा, कारण एकाच नावाचे वाडे दहा गावांत असतात.

नावांचाही घोळ आहे. फोनच्या नकाशावर इंग्रजी स्पेलिंग वाचून आलेली मंडळी केपेला ‘क्वेपेम’ म्हणतात आणि पेडण्याला ‘पर्नेम’. डिचोलीचं स्पेलिंग वाचून तर कुणाचं काहीही होतं. माझा एक सहकारी वर्षभर काणकोणला ‘कॅनाकोना’ म्हणायचा आणि बसवाल्यांना ते फार आवडायचं. पण घाबरलेल्या आवाजात, खरखरत्या लाइनवर चुकीचा उच्चार महागात पडू शकतो. गावाचं स्थानिक नाव शिकून घ्या.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. रेंज नसली तरी फोन आपलं अक्षांश-रेखांश ओळखतो. ते आजच घराच्या दारात उभं राहून नकाशात पाहून ठेवा, आणि तालुक्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

पायरी ३: बाहेरचा एक माणूस

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गोव्यातले सगळे जण घरच्या सगळ्यांना फोन लावत बसले तर कुणाचाच लागत नाही. त्यापेक्षा पावसाच्या पट्ट्याबाहेरचा एक माणूस ठरवायचा. आपण फक्त त्याला कळवायचं, आणि त्यानं सगळ्यांना. घरच्यांनीही चौकशी त्याच्याकडेच करायची.

‘पावसाच्या पट्ट्याबाहेरचा’ याला फार अर्थ आहे, आणि तो मी ठेच लागून शिकले. तौक्तेनंतर आम्ही असं ठरवलं की मी मामाला कळवायचं. मामा सांगलीत. दोनच महिन्यांनी, २३ जुलै २०२१ ला, म्हादई चढली. सत्तरी, डिचोली, फोंडा तालुक्यांत घरांत पाणी शिरलं. १९८२ नंतरचा सगळ्यात वाईट पूर असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. दूधसागरजवळ दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरले तेही त्याच दिवशी. आदल्या दिवशी चिपळूण बुडालं होतं आणि सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगा चढत होत्या. मी मामाला कळवणार आणि मामा स्वतः गच्चीवर! सह्याद्रीवर पाऊस कोसळला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात पूर येतो, हे शाळेत भूगोलात शिकूनही मला सुचलं नव्हतं.

आता आमचा माणूस नागपूरचा चुलतभाऊ आहे. तुमचा हैदराबादला असेल, इंदूरला असेल, दुबईला असला तरी चालेल; फक्त परदेशी नंबरावर एसएमएस जातो ना आणि त्याला रिचार्ज पुरतो ना हे आधी तपासा. माणूस फोन उचलणारा हवा. कुटुंबातला सगळ्यात हुशार माणूस निवडायची गरज नाही, सगळ्यात कमी घाबरणारा निवडा.

त्याच्याबरोबर दोन वेळा ठरवा, सकाळची एक आणि रात्रीची एक. त्या वेळी आपण फोन चालू करणार, निरोप देणार-घेणार आणि पुन्हा बंद करणार. वेळ ठरलेली असली की मधल्या तासांत ‘अजून फोन का नाही’ ही धडधड निम्मी होते.

पायरी ४: सिम, रिचार्ज, बॅटरी

महाराष्ट्रातून आलेल्यांनी सिम बदलायची गरज नाही. दूरसंचारच्या हिशेबात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एकाच परिमंडळात येतात. पण तुमच्या गावात कुठली कंपनी चालते ते बघा. पणजीत पाचही काड्या दाखवणारं सिम सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर मुकं असतं. किराणावाल्याला विचारा, तो फोनवर पैसे घेतो म्हणजे त्याला नक्की माहीत असतं. दोन सिमांचा फोन असेल तर दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. आणि रिचार्जची मुदत जून ते सप्टेंबर मध्येच संपणार नाही अशी बघा.

घरात एक साधा बटणांचा फोन असू द्या. त्याची बॅटरी दिवसेंदिवस चालते, आणि टू-जी सिम असेल तर फोर-जी कोलमडल्यावरही त्यावर कधीकधी आवाज येतो. जिओला टू-जी नाही, तेव्हा त्या फोनमध्ये दुसरं सिम घाला.

पॉवर बँकेबद्दल एक गैरसमज: दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा भरत नाही. काही चार्ज वाटेत खर्च होतो, त्यामुळे सव्वा ते दीड वेळा धरा. आणि नुसती पडून राहिली तरी ती उतरते, म्हणून महिन्यातून एकदा भरा. लॅपटॉप हीसुद्धा एक मोठी पॉवर बँकच आहे. गाडीत फोन चार्ज करायचा तर दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. तो धूर वासाशिवाय मारतो.

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. टॉवर गेला पण फायबर शाबूत आहे, असं पुष्कळदा होतं. तेव्हा फोनमधलं वाय-फाय कॉलिंग चालू केलं की रेंजशिवाय साधा कॉल लागतो. जुन्या तांब्याच्या तारेचा लँडलाइन एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, घरची वीज गेली तरी वाजायचा. आताचा फायबरवरचा लँडलाइन घरच्या विजेवर चालतो. काकींच्या घरातला फोन आजही दिवाणखान्यात मानानं बसलेला आहे, पण वीज गेली की तो फक्त शोभेचा.

पायरी ५: इशारा आला

हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देतं. पिवळ्याला गोव्यात कुणी विचारत नाही, पावसाळाभर तो असतोच. नारिंगी लागला की घरातलं चार्ज होणारं सगळं पूर्ण भरून ठेवा, टॉर्चसुद्धा. लाल असेल तर बाहेरच्या माणसाला तेव्हाच निरोप टाका: कुठे आहे, कुठे जाणार, पुढचा निरोप कधी.

कधी फोन सायलेंटवर असतानाही एकदम भोंगा वाजतो आणि पडद्यावर इशारा येतो. हा एसएमएस नसतो. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनांवर तो एकदम टाकला जातो, त्याला नंबर लागत नाही, त्यामुळे तो गर्दीत अडकत नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये अर्ध्या लोकांनी वैतागून सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. केला असेल तर पुन्हा चालू करा. ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अ‍ॅपही घ्या. त्यात आपला जिल्हा निवडता येतो.

बॅटरीवरचा छोटा रेडिओ असेल तर सोन्याहून पिवळं. आकाशवाणी पणजी १०५.४ एफएमवर लागते.

वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीतून काढा.

पायरी ६: पहिला अर्धा तास

आधी स्वतःकडे आणि घरातल्यांकडे बघा. कुणाला लागलंय, पाणी वाढतंय, तर थेट ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर जवळ जिवंत आहे. ११२ त्यावरून जाऊ शकतो. लागला तर आधी तालुका-गाव-वाडा सांगा, मग काय झालं ते. लाइन मध्येच तुटली तरी निदान कुठे यायचं ते त्यांना कळलेलं असतं.

सगळं ठीक असेल तर कॉल करू नका, एसएमएस करा. कॉलला दोन्ही टोकांना एकाच क्षणी वाट मोकळी लागते. एसएमएस वाटेत थांबतो आणि जागा मिळाली की पुढे सरकतो, तुमचा फोन नंतर बंद पडला तरी.

देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमन लिपीत १६०. आणि ७० मोजताना फोन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, मोकळी जागा हे सगळं एकेक अक्षर धरतो. सत्तरच्या पुढे गेलात की निरोपाचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा आपल्या नशिबानं प्रवास करतो. हा बघा:

‘मी ठीक. घरीच आहे. वीज नाही. रात्री ठरल्या वेळी फोन लावीन.’

सगळं धरून ५७. यात कशी आहे, कुठे आहे, काय अडचण आहे आणि पुढचं कधी, एवढं सगळं आलं. ‘आई, तू अजिबात काळजी करू नकोस गं’ याला जागा नाही, आणि त्या वाक्यानं आजवर कुणाची काळजी कमी झालेलीही नाही.

प्रत्येक एसएमएस एकटा वाचला तरी पूर्ण अर्थ लागला पाहिजे. माझ्या माडाची गोष्ट आठवा. वाईट बातमी द्यायचीच असेल तर ‘मी ठीक’ हे दोन शब्द तिच्याही आधी, त्याच निरोपात.

ज्यांना एसएमएस वाचता येत नाही त्यांच्यासाठी मिस्ड कॉलची खूण ठरवा. काकींच्या सासूबाई डिचोलीला राहतात, त्यांच्याशी ठरलेलं आहे: एक रिंग देऊन कट म्हणजे सगळं बरं, लागोपाठ तीनदा म्हणजे कुणाला तरी पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅप वापरायचंच तर नुसता मजकूर टाका, फोटो-व्हिडिओ नको. घड्याळाचं चिन्ह म्हणजे निरोप अजून तुमच्या फोनमधून निघालेलाच नाही, एक टिक म्हणजे निघाला पण समोर पोचला नाही, दोन टिक म्हणजे पोचला. घरच्यांना त्यांनी तुम्हाला पाठवलेल्या निरोपावर तासन् तास एकच टिक दिसली तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा तुमचा फोन बंद आहे किंवा रेंज नाही इतकाच. हे घरच्यांना आत्ताच समजावून सांगा.

पायरी ७: पुढचे दोन-तीन दिवस

नुसत्या पडलेल्या फोनची बॅटरी सगळ्यात जास्त खातं ते रेंज शोधणं. टॉवर नसलेल्या गावात नुसता खिशात ठेवलेला फोन दिवसभर ओरडत ‘कुणी आहे का’ विचारत असतो. म्हणून विमान मोड. घरात चार फोन असतील तर तीन पूर्ण बंद, एक विमान मोडवर. ठरल्या वेळी पाच मिनिटं मोड काढायचा, निरोप बघायचे, पुन्हा लावायचा. पडद्याचा उजेड कमी, टॉर्च म्हणून फोन वापरायचा नाही, मुलांना खेळायला द्यायचा नाही. शेवटची अट आमच्या वाड्यावर कुणालाच पाळता आली नाही.

मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकींच्या ग्राहकांना आपलं नेटवर्क वापरू द्यायला सांगतो. २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी गुजरातेत ही सोय दिली होती. तुमच्या कंपनीचा टॉवर पडलाय आणि दुसऱ्याचा उभा आहे असं असेल तर करून बघा: सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, नेटवर्क निवड, ‘स्वयंचलित’ काढा, थोडं थांबा, यादी येईल, त्यातली दुसरी कंपनी निवडा. सोय सुरू नसेल तर फोन नकार देईल, बिघडणार काही नाही. नंतर ‘स्वयंचलित’ परत लावायला विसरू नका. मी विसरले होते आणि दोन दिवस कंपनीच्या ग्राहक सेवेशी उगीच भांडले.

रेंज शोधायला बाहेर पडायचं तर उंचावर, गावच्या सड्यावर. मोकळं पठार, दूरचा टॉवरही दिसतो. तौक्तेनंतरच्या संध्याकाळी आमच्या सड्यावर जत्राच होती: तीस-चाळीस स्कूटर, प्रत्येक जण एक हात वर करून उभा, आणि एक आजोबा मध्येच ओरडले, “मिळाली, मिळाली! कुणी हलू नका!” पण विजा चमकत असताना सड्यावर जायचं नाही. वाटेत पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरून चालू नका, साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका, आणि रेंजसाठी नदीच्या पुलावर जाऊन तर मुळीच उभं राहू नका.

वीज परत आली की लगेच चार्जर लावू नका. पहिली काही मिनिटं ती ये-जा करते, दाब वरखाली होतो. पंखा नीट फिरू दे, मग लावा.

याच दिवसांत ‘धरण फुटलं’, ‘इतके दरवाजे उघडले’ असे निरोप फिरतात. तिळारी धरणाचं पाणी सोडलं की पेडणे-डिचोलीच्या नदीकाठाला धोका असतो, अंजुणे धरणाच्या विसर्गाचा साखळीकडे परिणाम होतो, हे खरं. म्हणूनच ती बातमी नियंत्रण कक्षाकडून किंवा पंचाकडून आली तरच मानायची. मागच्या वर्षीचा व्हिडिओ पुढे ढकलून तुम्ही फक्त रांग लांब करता.

पायरी ८: काहीच चाललं नाही तर

मग माणसं. २३ जुलैच्या पुरानंतर आमच्याकडे दोन दिवस कुठल्याच फोनवर काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पोदेर आला, तोच तो सायकलवरून पाव आणणारा, भोंगा वाजवत. आडव्या फणसाच्या खालून त्यानं सायकल काढली होती, पावांवर निळं प्लास्टिक. काकींनी त्याच्याकडून सहा उंडे घेतले आणि माझी चिठ्ठी दिली: सांगली पाण्यात, म्हणून मामाऐवजी नागपूरच्या भावाचा नंबर आणि एक ओळ. त्याच्या घराकडे रेंज होती. नऊ वाजेपर्यंत भावाला फोन गेला. पोदेरानं पैसे घेतले नाहीत, वर भावाला सांगितलं की तुमची बहीण पाव फार कमी घेते.

तर चिठ्ठी लिहायला शिका: कुणाला सांगायचं त्याचा नंबर, आपलं नाव, ठीक आहे की नाही, तारीख आणि वेळ. वेळ महत्त्वाची, कारण चिठ्ठी कधी पोचेल याचा नेम नाही. ती पोदेराकडे द्या, तुटलेल्या तारा जोडायला आलेल्या लाइनमनकडे द्या, कदंबची (गोव्याच्या एसटीची) बस सुरू झाली असेल तर कंडक्टरकडे द्या. पोलीस ठाण्यात वायरलेस असतो. कुणी आजारी असेल, औषध संपत आलं असेल तर तिथे किंवा मामलतदार कार्यालयात माणूस पाठवा. दिवाडीसारख्या बेटावर राहत असाल तर फेरीबोट बंद झाली की तेही थांबतं, तेव्हा तिथल्या लोकांनी औषधं आणि पॉवर बँक दोन्ही दुप्पट ठेवायला हवं.

पायरी ९: घरच्यांची शिकवणी

हा भाग गोव्यातल्यांसाठी नाही, तुमच्या मागे राहिलेल्यांसाठी आहे. त्यांना सांगा: टीव्हीवर ‘गोव्यात हाहाकार’ दिसलं की तीस वेळा फोन लावायचा नाही, प्रत्येक रिंग आमची बॅटरी खाते. एक एसएमएस करायचा, ‘कळव’, आणि बाहेरच्या माणसाला विचारायचं. टीव्हीवर दिसणारा पूर साखळीचा असतो आणि मुलगी मडगावात असते. गोवा नकाशावर लहान दिसतो म्हणून सगळ्यांचं घर त्याच पाण्यात नसतं. ठरलेल्या दोन वेळा ओळीनं चुकल्या, म्हणजे पूर्ण दिवस गेला, तरच नियंत्रण कक्षाला फोन, तोही तालुका-गाव-वाडा हातात घेऊन.

पायरी १०: मेमधल्या एका रविवारी सराव

दुपारपासून विमान मोड. नेट नाही, कॉल नाहीत. ठरल्या वेळी फोन चालू करायचा, भावाला सत्तर अक्षरांत निरोप द्यायचा, त्यानं आईला कळवायचं, आईचं उत्तर त्याच्यामार्फत यायचं.

आमच्या पहिल्या सरावात मी रात्री आठला निरोप टाकला. भावानं आठ वाजून दोन मिनिटांनी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. सव्वाआठला त्याचा मला एसएमएस: ‘काकू फोन घेत नाही. काय करू?’ नऊला पाच मिनिटं कमी असताना आईनं स्वतःच त्याला फोन केला. म्हणाली, अरे, आठला माझी मालिका असते.

आमची वेळ आता नऊची आहे.